गाळलेलं पाणी

खुराकात सोयाबीन सुरू झालं आणि तिसऱ्या खोलीत वास सुटला.

उज्ज्वला चौगुले पिंजऱ्यातला भुसा बदलत होती. तिचा हात तिथंच थांबला. वास तसा मंद होता. दुसऱ्या कुणाला आला असता तर तो नाक मुरडून म्हणाला असता, कुठंतरी मासळी कुजलीय. उज्ज्वलाच्या सासरी-माहेरी कधी कुणी मासळी शिजवली नव्हती. दोन्ही घरं जैनांची, लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. तरीही हा वास संसारभर तिच्या उशाशी होता. तिचा नवरा भरत, शेंगदाण्याची चटणी जरा जास्त खाऊन निजला, की त्याच्या अंगाला हाच वास यायचा.

भरतला जाऊन आता चौथा चातुर्मास चालू होता. विहिरीवरची मोटर काढताना शॉक लागला आणि माणूस जागच्या जागी संपला. तेव्हापासून उज्ज्वलाच्या आत काहीतरी गोठून बसलं होतं. बायका रडायला आल्या, रडून गेल्या. हिनं त्यांना पाणी दिलं, पाट दिले आणि त्या गेल्यावर ओटा पुसला. पहाटेचा जाप, बस्तीतल्या तीर्थंकरांचं दर्शन, पाणी गाळून पिणं, सूर्य मावळायच्या आत जेवण, चतुर्दशीचा उपवास, यातलं काहीही चुकलं नाही. चुकत नव्हतं म्हणूनच दिवस ढकलले जात होते.

ती पिंजऱ्याजवळ गेली. आत चार पांढरे उंदीर एकमेकांच्या अंगावर डोकं टाकून झोपले होते. पाटीवर लिहिलं होतं, ‘वंश चौतीस’. तिला भीती वाटली नाही आणि गहिवरही आला नाही. ती स्टूल ओढून तिथं बसली, एवढंच.

सांगलीहून तासगावकडं जाताना द्राक्षबागांच्या मधोमध हे विषपरीक्षा केंद्र उभं होतं. नव्या कायद्यानं शेतीतलं कुठलंही औषध बाजारात यायच्या आधी त्या भागातल्या माणसांच्या यकृतावर तपासायचं बंधन घातलं होतं. आता जिवंत माणसाचं यकृत कोण देणार? म्हणून यावर एक तोड निघाली. गावोगाव शिबिरं घेऊन लोकांचं रक्त घेतलं गेलं. यकृतात विष निवडण्याचं काम ज्या जनुकांच्या हुकमानं चालतं, तेवढी जनुकं त्या रक्तातून वाचून घेतली आणि उंदराच्या भ्रूणात उंदराची स्वतःची काढून तिथं ही बसवली. जन्मलं ते बाहेरून उंदीरच होतं, पण त्याच्या आतली निवडणटिपण करणारी बाई माणसाच्या घरची, आणि तीही एका ठरावीक माणसाच्या घरची. पिल्लांची पिल्लं झाली तरी ती बदलत नव्हती. एका माणसाचा एक वंश. नावं कुणालाच माहीत नसत, फक्त आकडे.

भरतनंही कधीतरी ग्रामपंचायतीसमोर दंड पुढं केला होता. घरी येताना शिबिरात मिळालेलं केळं ओवीला देऊन म्हणाला होता, “घे, बापाच्या रक्ताची कमाई.”

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं केंद्राच्या प्रमुख डॉ. शर्वरी इनामदार यांना विचारलं, “मॅडम, चौतीसला वास का येतो?”

बाई कामसू होत्या, पण विचारलेलं समजावून सांगायची त्यांना हौस होती. “तुम्हाला बरा आला! सोयाबीन, शेंगदाणे, घेवडा असलं काही खाल्लं ना, की आतड्यात एक घाणेरड्या वासाचा पदार्थ तयार होतो. यकृतातलं एक विकर त्याचा वास मारून टाकतं. नर उंदरात ते विकर झोपलेलंच असतं, म्हणून साध्या उंदरांच्या खोलीत शिरवत नाही. आपल्या उंदरांत माणसाचं विकर आहे, म्हणून आपल्याकडं वास नाही.”

“मग चौतीसला?”

“त्या माणसाचंच विकर लंगडं असणार. लाखात एखाद्याचं असतं. वासापुरतंच असेल तर जिवाला काही नाही. पण तेच विकर काही औषधांचंही विष उतरवतं. म्हणून तर असले वंश आपण ठेवतो. जे बाकीच्यांना पचतं, ते ह्यांना पचेलच असं नाही.”

उज्ज्वलानं मान हलवली. तो माणूस कोण, हे तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला दुसऱ्या खोलीत टाकलं असतं.

तेव्हापासून ती दुपारची चपाती चौतीसपाशी बसून खाऊ लागली. दुसऱ्या खोलीचा सिकंदर मुल्ला तिला चिडवायचा. “काय वैनी, त्या उंदरांत तुमचं कोण पावणं हाय काय? आमच्याकडं पण या की कधी. आमची बी उंदरंच हायती, मांजरं न्हाईत.”

“तुमची उंदरं तंबाखूचा वास घेऊन बिघडलीत,” ती म्हणायची. भरत गेल्यानंतर एवढी थट्टा ती फक्त इथंच करत असे.

नोकरी धरताना तिनं एकच अट घातली होती. दाणापाणी, साफसफाई सगळं करीन, पण टोचणार नाही आणि मारणार नाही. बस्तीत उतरलेल्या आर्यिका माताजींजवळ तसा नियमच घेतला होता. केंद्रानं ते मान्य केलं. मारायचं काम यंत्र करत होतं, कुणाच्या नियमाशी त्याला देणंघेणं नव्हतं.

घरी हाच वास आणखी एका अंगाला होता, पण तो उज्ज्वलानंच पुसून टाकला होता. भरत तिच्या आत्याचा मुलगा. दोन्हीकडून एकच दोष उतरला आणि त्यांच्या मुलीत, ओवीत, तो पुरा आला. शाळेत पोरी तिला ‘मासळी’ म्हणायच्या. शाकाहाऱ्याच्या घरातली मासळी! ओवी दप्तर फेकून रडायची. मग मिरजेच्या डॉक्टरांनी आंबट साबण दिला, कोळशाच्या गोळ्या दिल्या, खाण्यातलं काय काय बंद केलं. उज्ज्वलानं ते पथ्य व्रतासारखं पाळून घेतलं. शेंगदाण्याचा कूट घरातून गेला. ओवी बावीस वर्षांची झाली ती बिनवासाची. फवारणीचे ड्रोन चालवायला शिकली आणि चार गावच्या बागांचं काम धरलं.

त्या हंगामात केंद्रात ‘वेलरक्षा’ नावाचं नवं औषध तपासायला आलं. भुरी, केवडा या दोन्ही रोगांना एकच मात्रा, आणि द्राक्षावर अंश राहत नाही म्हणून निर्यातदार त्यावर टपून बसलेले. बागेतल्या माणसांच्या अंगात ते थोडं थोडं, रोज जाणार, म्हणून उंदरांनाही ते पिण्याच्या पाण्यातून थोडं थोडं, रोज द्यायचं ठरलं. टाकीत यंत्र ते मोजून मिसळत होतं. टाकीतून बाटल्या भरून पिंजऱ्यांना लावायच्या, एवढंच माणसाचं काम. उंदीर किती पितो, किती पळतो, पाय थरथरतात का, सगळ्यावर कॅमेऱ्याचा डोळा होता. बाटल्या भरणाऱ्या बाईवर कुणाचा डोळा नव्हता.

“आई,” ओवी एका संध्याकाळी म्हणाली, “वेलरक्षाची माणसं मला आत्तापासून बांधून घ्यायला बघायलीत. मंजुरी मिळाली की दुसऱ्या दिवशी सुरू. घेऊ का?”

“थांब. पप्पांचे उंदीर काय म्हणतात बघू.”

ओवीला तेवढं तिनं सांगितलं होतं. ओवी त्यावर हसली होती. “पप्पा पास होतील गं,” ती आता म्हणाली. “दहावीला तेवढे नापास झाले होते.”

परीक्षा संपली. एकाही वंशात काही झालं नाही, चौतीसमध्येही नाही. उज्ज्वलानं घरी येऊन सांगितलं, “घे काम. पप्पांना काही झालं नाही.”

औषध मंजूर झालं. दुसरं औषध रांगेत नव्हतं, म्हणून चौतीसची गरज उरली नाही आणि तो वंश बंद करायचं ठरलं. उज्ज्वला पहिल्यांदाच मॅडमच्या टेबलासमोर हात जोडून उभी राहिली. “एक पिंजरा राहू दे. खुराकाचं माझ्याकडून घ्या.” मॅडमना नवल वाटलं, पण बाई कधी काही मागत नव्हती. एक पिंजरा राहिला. सहा उंदीर. सोयाबीन द्यायचं कारण उरलं नव्हतं. उज्ज्वला घरून पदराला बांधून मूठभर आणायची.

ओवी बागेतून येऊन परसात कपडे बदलायची. “आत आणू नको म्हणजे नको,” उज्ज्वला बजावायची. वेलरक्षाला लसणासारखा भपकारा होता आणि ह्या घरात तो लपत नव्हता.

दिवाळी सरली आणि ओवीच्या डाव्या पापणीनं फडफडायला सुरुवात केली. शुभ की अशुभ, यावर शेजारणींचं एकमत झालं नाही. मग बोटं थरथरू लागली. ड्रोनच्या रिमोटची दांडी धरताना एकदा यंत्र थेट तारेत गेलं. डॉक्टर म्हणाले, झोप कमी पडते. औषधाचा संशय ओवीनंच उडवून लावला. “ते कसं असेल? आपलं तर घरच्या माणसावर तपासलंय!”

चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, दुपारी, उज्ज्वला घरातली सगळी गाळणी उकळायला बसली. पाणी गाळायची दुपदरी सुती फडकी ती ठरावीक दिवसांनी अशी उकळून वाळवायची. त्यात केंद्रातलंही एक होतं. परीक्षेच्या वेळचं ते फडकं तिथल्या कपाटात मागं पडून राहिलं होतं आणि परवाच पिशवीतून घरी आलं होतं. पाण्याला आधण आलं, ते फडकं तिनं आत सोडलं आणि वाफेबरोबर लसणाचा भपकारा वर आला.

तिला वाटलं, ओवी कपडे न बदलता आत आली. तिनं मागं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. ओवी आतल्या खोलीत निजलेली होती.

उज्ज्वलानं चिमट्यानं फडकं वर काढलं आणि नाकाशी धरलं.

मग तिनं गॅस बंद केला. खाली बसली. केंद्रात जी बाटली तिच्या हातून भरली गेली, ती तिनं गाळूनच भरली होती. न गाळलेलं पाणी स्वतः प्यायचं नाही आणि दुसऱ्या जिवालाही पाजायचं नाही, हा तिचा नियम होता. भरतच्या जिवाला तर नाहीच नाही. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून थोड्या पाण्यानं ती मोरीतल्या बादलीत खळबळायची, पाण्यातले जीव पाण्यात जावेत म्हणून. पाण्यातलं औषध फडक्यात अडकत असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. पाण्यात साखर घातली तर ती गाळण्यात राहते का?

डॉ. इनामदार दुसऱ्या दिवशी तेच म्हणाल्या. “साखर राहत नाही, पण हे औषध तेलकट वृत्तीचं आहे. पाण्यात नाइलाजानं राहतं. सुताचा धागा मिळाला की त्याला बिलगतं. दुपदरी फडकं म्हणजे…” त्यांनी फडकं पिशवीत बंद केलं. “पण ताई, का गाळलंत?”

“पाण्यात जीव असतात.”

मॅडम हसल्या. मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि हळूहळू गेलं. “टाकीतलं पाणी आम्ही रोज तपासलं,” त्या म्हणाल्या. “बाटलीतलं कधीच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही.” त्यांनी खिडकीतून बागांकडं पाहिलं. सगळ्या वेलांवर मंजूर झालेलं औषध चमकत होतं. “सिकंदरच्या खोलीत धडधाकट वंश होते, त्यांना पूर्ण मात्रा मिळाली. तुमच्या खोलीतल्यांना मिळालीच नाही. म्हणजे चौतीस पास झाला नाही. चौतीसची परीक्षाच झाली नाही.”

“माझी मुलगी,” उज्ज्वला म्हणाली आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. वास, भरत, ओवीच्या गोळ्या, पापणी.

“तिचं काम आजपासून बंद.”

“कालच केलं.”

“डॉक्टरांशी मी स्वतः बोलते. पण औषध थांबवायचं तर मला पुरावा लागेल. एका मुलीची पापणी कुणी पुरावा धरणार नाही. आणि गावोगाव असे आणखी किती असतील, ज्यांना स्वतःचं ठाऊकसुद्धा नाही…” त्या थांबल्या. “परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. चौतीसवर.”

“भ्रूण ठेवले असतील की.”

“पास झालेल्या वंशाचे ठेवत नाही आपण. आहेत ते तुमच्या पिंजऱ्यातले सहाच. पिल्लं होईपर्यंत थांबायचं तर हंगाम निघून जाईल. सगळ्या बागांत फवारणी होऊन जाईल.” त्यांचा आवाज खाली आला. “तुम्ही रजा घ्या. सिकंदर करेल.”

संध्याकाळी ती बस्तीत गेली. माताजींचं मौन होतं. उज्ज्वलानं समोर बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. माताजी डोळे मिटून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं, मोरपिसांची पिच्छी उचलली, पुढची जमीन हळुवार झाडली आणि आत गेल्या. त्यातून हो काढावं तर हो निघत होतं आणि नाही काढावं तर नाही. उज्ज्वला उठली. घरी जाऊन दिवस मावळायच्या आत दोन घास खाल्ले.

ओवीनं सगळं ऐकून घेतलं तेव्हा ती कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. “म्हणजे तुझ्या एका फडक्यापायी!” ती म्हणाली. “मी तुला विचारलं होतं आई. कंपनीला नाही, सरकारला नाही. तुला विचारलं होतं.”

“होय.”

“होय काय? रड तरी! ओरड माझ्यावर! पप्पा गेले तेव्हा पण तू ओटा पुसत होतीस.”

ओवीच्या हातातला पेला हिंदकळत होता, तो उज्ज्वलानं काढून घेतला.

दुसऱ्या सकाळी ती वेळेवर कामाला गेली. सिकंदर बाटल्या घेऊन दारातच उभा होता. “वैनी, तुम्ही कशाला आलासा? मी करतो की. माझं काय, मी कोंबडं कापतो.”

“द्या इकडं.”

“अवो पण तुमचा नियम…”

“ज्या हातानं गाळलं, त्याच हातानं देते. तुमच्या हातून दिलं म्हणून माझं पाप तुमच्या नावावर थोडंच जाणार आहे, भाऊ?”

त्यानं बाटल्या दिल्या. तिनं टाकीची तोटी उघडली. उजवा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडं गेला. पिशवी रिकामी होती. पाणी सरळ बाटलीत पडलं. न गाळलेलं पाणी पडताना आवाज वेगळा येतो, मोकळा. तिनं णमोकार मंत्र म्हटला, बाटली पिंजऱ्याला लावली आणि बाजूला उभी राहिली. पहिला उंदीर आला, मिशा पुसल्या आणि पिऊ लागला.

त्या दिवसापासून तिनं एकभुक्त धरलं. दिवसात एकदाच जेवायचं, हे संपेपर्यंत. कुणाला सांगितलं नाही. दुपारी चौतीसपाशी ती बसायची ती आता रिकाम्या हातानं.

आधी त्यांच्या पापण्या फडफडल्या. मग पुढचे पाय थरथरले. एक उंदीर मिशा पुसायला पाय वर न्यायचा आणि तोल जाऊन कुशीवर पडायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा न्यायचा. कॅमेरा सगळं टिपत होता. उज्ज्वला भुसा बदलत होती, बाटली भरत होती. सोयाबीन मात्र तिनं थांबवलं नाही. वास शेवटपर्यंत येत राहिला.

शेवटचे दोन उंदीर एकमेकांच्या अंगावर डोकं टाकून गेले. यंत्राला काही करावं लागलं नाही. सिकंदर दारात आला, टोपी काढून उभा राहिला आणि परत गेला.

डॉ. इनामदारांनी तो निकाल त्याच दुपारी वर पाठवला आणि स्वतःची चूकही त्यात लपवली नाही. आठवड्याच्या आत वेलरक्षाची विक्री थांबली. बागायतदार केंद्राच्या फाटकावर येऊन ओरडून गेले. ऐन हंगामात औषध काढून घेतलं, आता भुरी आली तर कुणाच्या घरी जायचं, असं म्हणत होते. त्यांचंही खोटं नव्हतं. मग गावोगाव पुन्हा शिबिरं लागली. ज्यांच्या अंगाला असा वास येतो त्यांनी पुढं यावं, असं लाऊडस्पीकरवरून सांगितलं गेलं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी ओवी स्वतः जाऊन खुर्चीत बसली, आणि तिच्या मागोमाग डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी आली.

तिसरी खोली फिनेलनं पुसून घेतली. उज्ज्वला पुसायला गेली तेव्हा तिथं फक्त फिनेलचा वास होता. तिनं दोनदा श्वास घेऊन पाहिला. मग बादली उचलली.

ती घरी आली तेव्हा दिवस बराच कलला होता. ओवी स्वयंपाकघरात बसली होती. डॉक्टर म्हणाले होते, अंगातलं औषध हळूहळू उतरेल, हात परत ताब्यात येईल, पण घाई करू नका. ताटात भाकरी होती आणि शेजारच्या काकूंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी. बोटांना घास धरवत नव्हता, म्हणून ती वाटी तोंडाला लावून चाटत होती.

उज्ज्वला दारातच थांबली.

“अगं, सॉरी,” ओवीनं वाटी खाली ठेवली. “दोन दिवस झाले, खायलेय मी. सगळंच बंद बंद, कंटाळा आला. गोळ्या पण नाही घेतल्या. वास येतोय ना? थांब, साबण लावून येते.”

“राहू दे.”

“अगं पण काकू येतील आत्ता, त्यांना…”

“येऊ दे.”

उज्ज्वलानं हात धुतले. कळशीच्या तोंडाला नवं फडकं दुपदरी बांधलं, पाणी गाळून पेला भरला आणि ओवीच्या हातात दिला. पेला थरथरला. तिनं ओवीच्या बोटांवर आपली बोटं धरली आणि पाणी पाजलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि ओवीच्या तोंडाशी नेला.

“तू पण खा की. दिवस मावळेल.”

“खाते.”

पण ती उठली नाही. खिडकीतून ऊन सरकत सरकत ओट्यावर आलं, ओट्यावरून भिंतीवर गेलं. ओवी चावत होती. उज्ज्वला तिच्याजवळ बसून राहिली, पिंजऱ्यापाशी बसायची तितक्या जवळ.